ओल्या फणसाची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. सागाची नव्हे, शिसवाचीही नव्हे, साध्या फणसाची. खुर्ची म्हणजे चार पायांवर गप्प उभी राहणारी वस्तू, असं तुम्हाला वाटत असेल. माझ्या वाट्याला तसलं स्वास्थ्य फारसं आलं नाही. मला घडवणारा माणूसच एका जागी टिकणारा नव्हता. त्याच्या हातांतली तगमग माझ्या अंगात उतरली, ती उतरलीच.

त्याआधी मी झाड होते. गिरीजला व्हिन्सेंटबाबांच्या वाडीत, विहिरीच्या कडेला. एका अंगाला केळी, दुसऱ्या अंगाला वांग्यामिरच्यांचे वाफे. बाबा दिवसभर वाडीत राबायचे आणि दुपारी माझ्या बुंध्याला टेकून बिडी ओढायचे. माझे गरे शेजारीपाजारी वाटले जायचे. मग एका आश्विनात वादळी वारा सुटला आणि मी मुळासकट पंपाच्या खोलीवर आडवी झाले.

"वखारवाल्याला बोलावतो," बाबांचा मुलगा ऑस्कर म्हणाला. "उगाच जागा अडवून पडलंय."

"थांब जरा," बाबा म्हणाले. "आधी जावयाला विचार. तो सध्या लाकूड लाकूड करत फिरतोय."

तो जावई म्हणजे आलोशियस. निर्मळला त्याचं घर. बरीच वर्षं तो जहाजावर रेडिओ ऑफिसर होता. कानाला हेडफोन, बोटाखाली मोर्सची कळ, आणि आजूबाजूला पाणीच पाणी. वर्षाचे आठ-नऊ महिने तो बाहेर असायचा. घरी आला तरी बोटं थांबायची नाहीत. जेवणाच्या टेबलावर, सायकलच्या हँडलवर, रविवारी चर्चच्या बाकावरसुद्धा टक्-टकटक् चालू. बोलणं संपलं की सवयीनं "ओव्हर" म्हणायचा. त्याची मुलगी कॅरल त्याला चिडवायची, "डॅडी, मीठ दे, ओव्हर!"

त्याची बायको अँजेलिना वसईच्या एका हॉस्पिटलात नर्स होती. ड्युटी, शाळा, सासूचं आजारपण, छपराची कौलं, सगळं तिनं एकटीनं पेललं होतं. नवरा येणार म्हटलं की तिला आनंद व्हायचा आणि धास्तीही वाटायची. तो आला की घरातल्या वस्तूंच्या जागा बदलायच्या, आणि त्या पुन्हा जागेवर येईपर्यंत त्याची जायची वेळ व्हायची.

शहाण्णव साली तो आला तो वेगळंच काहीतरी डोक्यात घेऊन. हे मला पुढं कळलं. माझ्यावर रंधा मारताना तो स्वतःशी नाहीतर अँजेलिनाशी बोलत असायचा, त्यातून. पोर्तुगालमधल्या एका बंदरात त्यांचं जहाज दुरुस्तीसाठी अडकून पडलं होतं. करायला काम नाही. हिंडता हिंडता तो एका गल्लीत शिरला. तिथं एक म्हातारा आपल्या पडवीत खुर्च्या बनवत होता. आलोशियस रोज तिथं जाऊन उभा राहायला लागला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. शेवटी म्हाताऱ्यानंच कंटाळून त्याच्या हातात पटाशी दिली.

"त्या दिवशी माझी बोटं पहिल्यांदा गप्प झाली, अँजू," तो सांगायचा.

घरी आल्यावर त्यानं जेवता जेवता जाहीर केलं, "मी नोकरी सोडतोय. खुर्च्या करणार आहे."

अँजेलिना भात वाढत होती. "कसल्या खुर्च्या?"

"लाकडाच्या. हातानं घडवलेल्या."

"आणि जहाज?"

"जहाज माझ्याशिवाय चालेल."

"जहाज चालेल रे. मी काय करू? तू नसताना घर कसं चालवायचं ते मी शिकले. आता तू रोज घरात असताना ते कसं चालवायचं, ते कोण शिकवणार मला?"

 त्याची बोटं ताटाच्या काठावर वाजत राहिली.

कंपनीनं त्याला समजावलं. जहाजावर आता उपग्रहाचे फोन येताहेत, मोर्सचे दिवस भरले, पण तू नवं काम शिकून घे, आम्ही शिकवतो, पुढची चिंता मिटेल. त्यानं ऐकलं नाही. गावातले लोक तोंडावर हसले. तो काळ प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचा होता. अंगणात, चर्चच्या हॉलमध्ये, लग्नाच्या मांडवात, जिकडेतिकडे पांढऱ्या नि लाल खुर्च्या दिसायला लागल्या होत्या.

"अरे आलोशियस," शेजारचा लुईस कुंपणावरून म्हणायचा, "असल्या सहा खुर्च्या एकात एक घालून मी स्कूटरवरनं नेतो. तुझी एक न्यायला बैलगाडी लागेल!"

माझा बुंधा वखारीतून फळ्या होऊन निर्मळला आला. घराच्या मागच्या बाजूला पत्र्याची शेड होती, तिथं त्यानं आम्हाला रचून ठेवलं. दोन फळ्यांमध्ये वारा खेळावा म्हणून बारीक पट्ट्या घातल्या. फणसाचं लाकूड तेव्हा हळदीसारखं पिवळंधमक दिसतं. ते सावलीत निवांत वाळायला हवं, घाई केली तर फसवतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हाताऱ्यानं खुणांनी का होईना, पहिल्यांदा तेच शिकवलं होतं.

पण ठाऊक असणं वेगळं आणि थांबणं वेगळं. तो रोज यायचा, आमच्यावर बोटानं टकटक करायचा, आवाज ऐकायचा, निघून जायचा. अर्ध्या तासानं परत यायचा. मधल्या वेळात त्यानं जुन्या दाराच्या लाकडाची दोन स्टुलं केली. एक डगमगलं, दुसरं त्यानं रागानं स्वतःच मोडून टाकलं. वर्ष होत आलं तरी एकही खुर्ची तयार नव्हती. अँजेलिना ड्युटीवरून यायची, शेडच्या दारात उभी राहायची, काही बोलायची नाही. तिच्या न बोलण्याचा त्याला जास्त त्रास व्हायचा.

तेवढ्यात बाबांची पंच्याहत्तरी आली. ऑस्करनं वाडीत मोठा बेत ठरवला. आलोशियस उठला आणि म्हणाला, "पप्पांना मी खुर्ची देणार. त्यांच्याच झाडाची."

"वाळलंय का ते लाकूड?" अँजेलिनानं विचारलं.

"वाळत आलंय."

"वाळत आलंय म्हणजे वाळलं नाही ना?"

"अँजू, तू तुझा वॉर्ड सांभाळ. इथलं मला कळतं."

माझा जन्म त्या बोलण्यानंतरचा. त्यानं मला झपाटल्यासारखं घडवलं. पाय तासले, पाठ उंच केली, हात रुंद ठेवले. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवताना त्याचा श्वास थांबायचा. माझ्या आत अजून ओल होती. मला ती जाणवत होती. विहिरीच्या कडेला घालवलेली वर्षं माझ्या पोटातून अजून निघायची होती. पण झाडाला तोंड नसतं आणि खुर्चीचं कोणी ऐकत नाही. बसण्याची फळी ठोकून, पॉलिश चढवून त्यानं मला उजेडात ठेवलं, तेव्हा मी खरंच देखणी दिसत होते. अँजेलिनानंसुद्धा माझ्या हातावरून हात फिरवला. "छान झालीये," ती म्हणाली. तो इतका खूश झाला की ओव्हर म्हणायलाही विसरला.

वाडीत मांडव घातला होता. बँड होता, केक होता, फादरांनी येऊन आशीर्वाद दिला. मला मधोमध ठेवलं होतं. महिनाभर उन्हाळ्याच्या वाऱ्यानं मी सारखी आक्रसत होते. प्रत्येक सांध्यात जीभ बारीक होत होती, खाच सैल पडत होती. बाहेरून काही दिसत नव्हतं.

"पप्पा, बसा," आलोशियस म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाबा बसले. पांढरा सदरा, वर कोट, कोटाला गुलाब. कोणीतरी फोटोसाठी हाक मारली. कोणीतरी विनोद केला. बाबा मोठ्यानं हसले आणि हसता हसता मागं रेलले. माझा मागचा डावा पाय सांध्यातून निसटला. मी त्यांना सावरायचा प्रयत्न केला, असं म्हणण्यात काही अर्थ नाही. लाकूड सावरू शकत नाही. आम्ही दोघं मागं कोसळलो. बँड आणखी थोडा वेळ वाजतच राहिला, कारण मागच्यांना काय झालं ते कळलंच नव्हतं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. अँजेलिनानं तिथंच गुडघ्यावर बसून बाबांचा पाय धरला, कोणाला हलवू दिलं नाही, गाडी मागवली. ती अगदी शांत होती.  आलोशियस माझा निखळलेला पाय हातात घेऊन तसाच उभा होता.

"ठेव ते खाली!" ऑस्कर ओरडला. "बापाला मारणार होतास माझ्या! जहाजावर होतास तेच बरं होतं. लांब तरी होतास!"

मला कोणीतरी उचलून शेडमध्ये आणून टाकलं. माझ्यावर नारळाच्या झावळ्या पडल्या.

पुढचे दिवस मी फक्त ऐकले. घरात भांड्यांचा आवाज यायचा, माणसांचा यायचा नाही. बाबांचं ऑपरेशन झालं. अँजेलिना ड्युटी संपली तरी हॉस्पिटलातच राहायची. आलोशियस रोज जायचा, दाराशी उभा राहायचा. बाबा त्याला आत बोलवायचे. त्याला आत जाववायचं नाही. हत्यारांना त्यानं तेल लावलं, फडक्यात गुंडाळली आणि पेटीत ठेवली. त्याच्या बोटांचं टकटक पुन्हा सुरू झालं होतं. शेडच्या पत्र्यावर, दाराच्या कडीवर. आधीपेक्षा जोरात.

एका सकाळी तो बॅग घेऊन अंगणात उभा राहिला.

"जुन्या जहाजावर जागा आहे. जातोय," तो म्हणाला.

"जा," अँजेलिना म्हणाली.

"तू थांबवणार नाहीस?"

"मी कधी थांबवलंय तुला? जायला नाही, यायलाही नाही. पण आलोश, पप्पा पडले म्हणून तू जातोयस असं मला सांगू नकोस. तुला इथं बसवत नाहीये म्हणून जातोयस."

रिक्षा बराच वेळ फाटकाशी घरघरत होती. मग ती गेली.

तो समुद्रावर असताना मी वाळले. खरी वाळले. झावळ्यांखाली, पत्र्याच्या उबेत, कोणी टकटक करायला येत नसताना. माझ्या फळीवर एक कोंबडी अंडी घालायला लागली. पिवळा रंग जाऊन अंगावर मधासारखा तांबूसपणा आला. पोटातली ओल निघून गेली तेव्हा मला हलकं वाटलं. पण स्वस्थ वाटलं नाही. मोडकी खुर्ची म्हणजे काय? धड खुर्ची नाही, धड सरपण नाही. रोज वाटायचं, आज कोणीतरी कुऱ्हाड घेऊन येईल.

आली ती अँजेलिना.

बाबांना तिनं निर्मळला आपल्याकडे आणलं होतं. ते वॉकर धरून चालायला लागले होते, पण त्यांचं बसणं हीच मोठी पंचाईत झाली होती. सोफा खोल, त्यात बसले की उठता येईना. प्लॅस्टिकच्या खुर्चीच्या हातांवर जोर दिला की तिचे पाय फाकायचे आणि ती मागं सरकायची. दर वेळी दोघांनी काखेत हात घालून त्यांना उठवावं लागायचं. उभ्या आयुष्यात ज्यांनी कोणाचा हात धरला नाही, ते बाबा आता तहान लागली तरी सांगायचे नाहीत, कारण पाणी प्यायलं की उठावं लागतं.

"बाय," एक दिवस ते लेकीला म्हणाले, "आलोशची खुर्ची कुठं आहे?"

"पप्पा, ती मोडली."

"मोडली ते मला माहीत आहे. माझ्याइतकं कोणाला माहीत?" ते हसले. "पण मोडायच्या आधी दोन मिनिटं बसलो होतो ना. उंची बरोबर होती गं. हात रुंद होते. माझीच मापं घेऊन केल्यासारखी."

अँजेलिनानं झावळ्या बाजूला केल्या, कोंबडीला हुसकावलं आणि मला पडवीत आणलं. तिनं मला तपासलं ते पेशंटला तपासतात तसं. एकेक सांधा धरून हलवला. कुठं खुळखुळतोय, कुठं घट्ट आहे, ते बघितलं. हत्यारांची पेटी उघडली. त्यातल्या निम्म्या वस्तूंची नावंही तिला येत नव्हती. पहिली पाचर तिनं इतकी जाड तासली की ती माझ्या खाचेत शिरेचना. दुसरी तुटली. तिनं घाई केली नाही. ड्युटीवरून यायची, चहा घ्यायची, जरा वेळ माझ्यापाशी बसायची, उठायची. एक सांधा बसवायला तिला आठवडा लागला. सरस वाळेपर्यंत लाकूड घट्ट धरून ठेवायची युक्ती तिला माहीत नव्हती, म्हणून तिनं हॉस्पिटलात वापरतात तसलं बँडेज माझ्याभोवती ताणून ताणून गुंडाळलं. प्लॅस्टर घातलेल्या पायासारखी मी पडवीत उभी होते. कॅरलनं माझ्या बँडेजवर पेनानं 'लवकर बरी हो' असं लिहिलं.

बसायची फळी तडकली होती. ती काढून तिनं नवार विणली, उभी-आडवी, खाटेला विणतात तशी. "हाडाला टोचायला नको," ती स्वतःशीच म्हणाली.

ऑस्कर आला आणि मला बघून त्याचा चेहरा लाल झाला. "त्याच खुर्चीत? अँजेलिना, डोकं फिरलंय तुझं?"

"आधी तू बस," ती म्हणाली.

"काय?"

"तू पप्पांच्या दीडपट आहेस. बस. रेलून बस. हल. उड्या मार पाहिजे तर."

ऑस्कर बसला. रागारागानं रेलला, इकडून तिकडं हलला. मी हूं की चूं केलं नाही. तो उठला आणि वॉकर आणायला आत गेला.

बाबा बसले. मग त्यांनी दोन्ही तळवे माझ्या हातांवर टेकले, थोडे पुढं सरकले आणि उठले. कोणीही न धरता. पुन्हा बसले, पुन्हा उठले. लहान मुलासारखे तीन-चारदा उठले-बसले. अँजेलिना तोंड फिरवून उभी राहिली.

माझ्याशेजारीच भिंतीला फोन होता. एका दुपारी तो वाजला. समुद्रावरून यायचा तो फोन. खरखर, मध्ये मध्ये लाटांसारखा आवाज. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं थांबायचं, असा तो प्रकार. पलीकडचं मोठ्यानं ऐकू यायचं.

"पप्पा कसे आहेत? ओव्हर."

"बसलेत. ओव्हर."

"कुठं बसलेत? ओव्हर."

"तुझ्या खुर्चीत."

नुसती खरखर. 

"ती मोडलीय, अँजू."

"मी जोडली. ते तिच्यावरनं एकटे उठतात, आलोश. कोणाचा हात लागत नाही. ऐकतोयस ना? ... ओव्हर म्हणायचं राहिलं. ओव्हर."

 बाबांनी फोन मागून घेतला आणि समुद्रापर्यंत थेट ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "अरे, पाठ जरा ताठ झाली तुझी! पुढच्या वेळी थोडी कलती कर!"

पुढच्या वेळी. त्या दोन शब्दांनी तो तिकडं दोन रात्री झोपला नाही, असं त्यानं नंतर सांगितलं.

करार संपवून तो घरी आला तेव्हा बॅगही खाली न ठेवता माझ्यासमोर उकिडवा बसला. सांधे बघितले. पाचरा बघितल्या. मला वाटलं, आता हा माणूस रडेल. तो म्हणाला, "हा पाय तिरका बसलाय."

"असेल," अँजेलिना म्हणाली.

"पाचर उलटी मारलीयेस. आणि नवार? फणसाच्या खुर्चीला नवार?"

"तिरका असेल, उलटी असेल. पण माणूस बसतोय, आलोश! तुझी सरळ होती, तिच्यावरनं माणूस पडला!" तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तू मला काय सांगतोस? मी रोज माणसं उठवते आणि बसवते. कंबरेची, गुडघ्याची, बाळंतिणी, म्हातारे. कोणालाही बसायला धड जागा नाही. सगळ्यांना एकाच मापाच्या खुर्च्या! तुला दिसली फक्त खुर्ची. बसणारा दिसलाच नाही तुला."

 कॅरल दारात उभी होती. बाबा आतून ओरडले, "भांडा, भांडा! पण मला आधी उठू द्या, माझी संडासची वेळ झाली!"

आधी कॅरल फसकन हसली, मग ते दोघंही. त्या हसण्यातून पुढचं सगळं सुरू झालं, पण ते सुरळीत झालं असं समजू नका. अँजेलिना वॉर्डातल्या माणसांची मापं आणायला लागली: गुडघा जमिनीपासून किती उंच, मांडी किती लांब, कोणता हात अधू. आलोशियस त्यावरून खुर्च्या घडवायचा. लाकूड वाळलंय की नाही ते तीच सांगायची, कारण त्याच्यावर त्याचाच भरवसा नव्हता. त्याची बॅग कॉटखाली भरलेलीच असायची. कंपनीचा निरोप आला की तो शेडमध्ये येरझाऱ्या घालायचा, सायकल काढून भुईगावच्या किनाऱ्यावर जायचा, तासन्‌तास जहाजांचे ठिपके बघत बसायचा. एकदा तर मुंबईपर्यंत जाऊन आला, सहीच्या टेबलापर्यंत, आणि संध्याकाळी तसाच परत आला.

"मी राहू का?" त्यानं विचारलं.

"ते तू ठरव," अँजेलिना म्हणाली. "पण बाभळीच्या त्या फळ्या पुढच्या दिवाळीपर्यंत वाळणार नाहीत. तेवढं थांबवेल का तुला, ते आधी बघ."

तो थांबला. पुढं जहाजांवरचं ते मोर्स बंदच झालं. बातमी त्यानं उभ्यानं ऐकली आणि परत रंधा हातात घेतला. काही वर्षांनी अँजेलिनानंही हॉस्पिटल सोडलं. तेव्हा लुईस म्हणाला, "आधी नवऱ्याचं फिरलं, आता बायकोचंही!" त्याच लुईसचे गुडघे गेले तेव्हा तो पहिल्यांदा खुर्ची मागायला आला, कुंपणावरून नाही, फाटकातून.

बाबा माझ्यावर बरीच वर्षं बसले. माझ्यावर बसून त्यांनी मटार सोलले, रोझरी म्हटली, गिरीजच्या वाड्यांच्या जागी उठणाऱ्या इमारतींना शिव्या घातल्या. दोन हजार चार साली पावसाळा संपता संपता एका दुपारी जेवण झाल्यावर ते माझ्यावर डुलकी घेत होते. ती डुलकी संपली नाही. त्यांचे हात माझ्या हातांवरच होते.

आणि मग माझे वाईट दिवस आले. शेडमधल्या दिवसांपेक्षा वाईट. मला झटकून पुसून बैठकीच्या खोलीत ठेवलं. पाठीवर क्रोशाचं कापड घातलं, नवारीवर बाबांची तसबीर ठेवली, हार घातला. येणारे-जाणारे माझ्यापुढं क्षणभर थांबायचे. ऑस्कर रविवारी येऊन फुलं बदलायचा. कोणी चुकून टेकायला आलं तर "अहो, तिथं नको" म्हणायचे. चार माणसं जमली की प्लॅस्टिकच्या खुर्च्या मागवायच्या, आणि मी रिकामी. मान कळते मला. प्रेमही कळतं. पण दिवसभर अंगावर वजन घ्यायची सवय झालेल्या लाकडावर एक तसबीर ठेवली की काय होतं, ते मी कसं सांगू? नवार ढिली पडली नाही, पण मी आतून ढिली पडले.

मागच्या माघात विरारहून एक बाई आल्या, सरोजिनी. आयुष्यभर नोकरी करून चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतलेल्या. त्यांचे यजमान दिनानाथ यांचंही खुब्याचं ऑपरेशन झालं होतं.

"ताई, ते चिडतात हो," त्या म्हणाल्या. "दिवसभर पलंगावर. उठवायला गेलं की माझा हात झटकतात. तुमच्या खुर्चीबद्दल ऐकलं म्हणून आले."

आलोशियसनं शेडकडं बघितलं. "लाकूड ओलं आहे. पुढच्या हिवाळ्याआधी नाही देता येणार."

"तोपर्यंत ते पलंगावरच राहतील," बाई म्हणाल्या आणि पर्स घेऊन उठायला लागल्या.

अँजेलिना माझ्याकडे बघत होती. आलोशियसला ते दिसलं. त्यानं मान हलवली, म्हणजे हो, पण तुझी इच्छा. तो जागेवरून हलला नाही.  मग तिनं हार काढला, तसबीर उचलून भिंतीवरच्या खिळ्याला लावली, कापडाची घडी केली.

"यजमानांची उंची किती?" तिनं विचारलं.

ऑस्करला कळलं तेव्हा तो तणतणत आला. "पप्पांची खुर्ची परक्याला?"

"पप्पा भिंतीवर आहेत, ऑस्कर," ती म्हणाली. "इथं नुसती जागा अडली होती."  तो फाटकापर्यंत गेला, परत आला आणि टेम्पोत चढवताना मला एका बाजूनं त्यानंच धरलं. 

माझे पाय थोडे कापून दिनानाथांच्या मापाचे केले होते. निघताना आलोशियसनं बोट उचललं, बहुधा टकटक करायला, पण तळवाच माझ्या पाठीवर ठेवला.

आता मी विरारला आहे, खिडकीपाशी. खाली रिक्षांची रांग, समोर नव्या इमारतीचे बांबू, रात्रंदिवस ठोकाठोक. दिनानाथ चिडके आहेत, दर पाच मिनिटांनी चुळबुळ करतात, माझ्यावर पेपर आपटतात. मला ते आवडतात. तुमच्या घरी कोणाची अशी एखादी खुर्ची असेल, तर माझं एवढं ऐका: ती जपून ठेवू नका. तिच्यावर बसा, ती झिजवा; मोडली तर जोडा. तिला शोभेला ठेवलंत की ती जिवंतपणी मरते.

आणखी सांगितलं असतं. पण आता गप्प बसते. सरोजिनीबाई धावत आल्यात, आणि दिनानाथांनी त्यांना हातानंच लांब राहायला सांगितलंय. त्यांनी दोन्ही तळवे माझ्या हातांवर टेकलेत, थोडे पुढं सरकलेत. थांबा. त्यांना उठू द्या.